डिले, रिव्हर्ब, लूपर एकाच डब्यात : ग्वाल्हेरात घरी येईपर्यंत खर्च किती?

जानेवारीत अमेरिकेत अ‍ॅनाहाइमला 'नॅम'चं वाद्यप्रदर्शन भरलं, की पुढचे काही आठवडे गिटारवाल्यांचं लक्ष हातातल्या वाद्यावर नसतं. कुठल्यातरी कंपनीने डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) आणि लूपर (वाजवलेला तुकडा भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारा) एकत्र बसवलेलं नवं पेडल दाखवलेलं असतं. किंमत डॉलरमध्ये असते आणि बाजारात येण्याची तारीख मोघम. मग इथे ग्वाल्हेरच्या लष्कर किंवा मुरार भागात शिकणाऱ्या पोरांचे दोनच प्रश्न असतात : थांबायचं का, आणि थांबायचं तर पैसे किती जमवायचे?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. जाहिरातीतल्या डॉलरचे रुपये करा आणि त्यात निम्मे आणखी मिळवा. हा हिशेब कसा बसतो ते पुढे सांगतो. पहिल्याचं उत्तर तुम्ही काय वाजवता त्यावर आहे.

या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणं आता नवलाचं राहिलेलं नाही. लाइन सिक्स कंपनीचं डीएल-फोर हे हिरवं, चार फूटस्विचचं पेडल १९९९ साली आलं. डिले आणि चौदा सेकंदांचा लूपर असं ते जोडकाम होतं. २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती २९९.९९ डॉलरला आली. तिच्यात लूपची मर्यादा २४० सेकंदांवर गेली, रिव्हर्ब आला आणि माइक जोडायची सोयही झाली. बॉसचं डीडी-एट (२०१९) डिलेचं पेडल म्हणून विकलं जातं, पण त्यातही चाळीस सेकंदांचा लूपर आहे. त्यामुळे येणाऱ्या पेडलच्या जाहिरातीत 'थ्री इन वन' वाचून हुरळून जाऊ नका. तीन कामांतलं कुठलं काम ते नीट करतं, हे पाहा. बहुतेक डब्यांत एक काम मन लावून केलेलं असतं आणि बाकीची दोन उरकलेली असतात.

ग्वाल्हेरच्या वादकाने सगळ्यात आधी लूपरच पाहावा, असं माझं मत आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये या शहराला 'संगीत नगरी' म्हटलं. डिसेंबरात तानसेन समारोहाची सुरुवात ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते. माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून उभं आहे. अशा गावात गिटार हाती घेणारा मुलगा बहुधा घरात ख्याल ऐकत वाढलेला असतो. रियाजाला त्याला आवर्तन लागतं, म्हणजे लेहरा किंवा सा-पचा भरणा. लूपर हे काम फुकटात करतो, फक्त त्यात तेवढे सेकंद मावले पाहिजेत.

आता गणित करू. तीनतालाच्या सोळा मात्रा मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत बारा सेकंदांत संपतात. म्हणजे १९९९ च्या चौदा सेकंदांच्या लूपरमध्येही हे एक आवर्तन बसतं. ग्वाल्हेर गायकीत विलंबित फार संथ नसतं. मिनिटाला तीस मात्रांचा तिलवाडा घेतला तर आवर्तन बत्तीस सेकंदांचं होतं, चाळीस सेकंदांत तेही बसतं. पण अतिविलंबित एकताल, मिनिटाला बारा मात्रांचा, घेतलात की आवर्तनाला एक अख्खं मिनिट लागतं आणि चाळीस सेकंदांचा लूपर दोन-तृतीयांश वाटेवरच थांबतो. म्हणून कॅटलॉगमध्ये मिनिटं-सेकंद वाचताना शेजारी आपला ताल लिहून पाहा. 'स्टिरिओमध्ये निम्मा वेळ' अशी बारीक अक्षरांतली ओळ अनेकदा असते, तीही वाचा.

डिलेला हाच नियम वेगळ्या मापाने लागतो. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, अर्धी ३७५ ची. म्हणून 'टॅप टेम्पो', म्हणजे पायाने लय दाखवायची सोय, असलीच पाहिजे. ती नसेल तर तबल्याबरोबर डिले चालवणं ही कसरतच. रिव्हर्बबद्दल एवढंच सांगतो, की स्लाइड गिटार वाजवणाऱ्याने कंपनीच्या व्हिडिओतला रिव्हर्ब निम्म्यावर आणून ऐकावा. मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब लावला की मींड पुसट होते आणि बेसूर जागा लपतात. शिकणाऱ्याचं नुकसान त्यातच आहे.

आता पैशाकडे. खालचे आकडे भारतीय बाजारातले ढोबळ पट्टे आहेत. सणासुदीला आणि डॉलर हलला की तेही हलतात. नुसता लूपर हवा असेल तर चिनी बनावटीचे छोटे डबे चार ते सहा हजारांत मिळतात. त्यापुढे टीसी इलेक्ट्रॉनिकचं डिट्टो (पाच मिनिटांचा लूप) किंवा बॉसचं आरसी-वन (बारा मिनिटं, तेही स्टिरिओ) या जातीचे लूपर आठ ते तेरा हजारांच्या घरात आहेत. डिले आणि रिव्हर्ब एकत्र असलेल्या, मूअर-एनयूएक्स वळणाच्या पेडलला साधारण दहा ते पंधरा हजार. तिन्ही कामं बऱ्यापैकी करणाऱ्या पेडलला पंचवीस ते चाळीस. त्यावरचा स्ट्रायमनसारखा वर्ग पन्नास हजारांच्या आसपास सुरू होतो, आणि तो महिन्याला चार मैफली करणाऱ्याने घ्यावा.

बाड्याजवळच्या किंवा नई सडकेच्या दुकानांत गिटार, तारा, कॅपो हाताला लागतात. नवं पेडल मात्र बहुधा मागवावं लागतं. ते ऑनलाइन मागवा, नाहीतर सकाळच्या गाडीने दिल्लीला जाऊन या. वेगवान गाडीने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. मुंबईला काम असेल तर धोबी तलावाजवळचं, १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहेच आणि परतीला पंजाब मेल आहे. पण नुसत्या पेडलसाठी मुंबई गाठू नका, भाड्याच्या पैशात दोन चांगल्या केबल येतात.

भारतात न आलेलं पेडल कुरिअरने मागवायचं तर निम्म्याचा हिशेब असा बसतो. ३०० डॉलरचं पेडल, डॉलर ९० रुपये धरला तर २७,००० रुपये. कुरिअरचे २,५०० मिळवून २९,५००. सीमाशुल्क नुसत्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतं. आणि आयजीएसटी शुल्कासकटच्या रकमेवर चढतो. समजा, गणितापुरतं, मूळ शुल्क २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के. २९,५०० वर शुल्क ५,९००, बेरीज ३५,४००, त्यावर कर ६,३७२. एकूण ४१,७७२. शुल्कावरचा अधिभार आणि कुरिअर कंपनीची कागदपत्रांची फी अजून धरलेलीच नाही. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी कुरिअरकडून चालू दराचा लेखी अंदाज मागा आणि केवायसीचे कागद तयार ठेवा. 'गिफ्ट लिहून पाठवतो' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूला मिळणारी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली.

न्यू जर्सीचा भाचा सुटीत येणार असेल तर मात्र त्याच्या बॅगेतून आणवणं सगळ्यात स्वस्त. विमानाने येणाऱ्या भारतीय प्रवाशाला शुल्कमुक्त सामानाची मर्यादा असते. २०१६ च्या नियमांत ती ५०,००० रुपये होती. चालू आकडा कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहा आणि बिल बरोबर ठेवायला सांगा. यात अडचणी दोन. तिकडची हमी इकडे बहुधा चालत नाही. आणि अमेरिकेतला अडॅप्टर अनेकदा फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटला तो लावला की त्याचा शेवटच. अडॅप्टरच्या पाठीवर 'इनपुट १००-२४०' असं छापलेलं नसेल तर तो तिथेच ठेवून यायला सांगा.

पेडल हातात आल्यावरही खर्च संपत नाही, आणि लोक फसतात ते इथे. बऱ्याच पेडलबरोबर अडॅप्टर मिळतच नाही. अनेक डिजिटल पेडलला ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण, आणि ३०० ते ५०० मिलिअँपिअर लागतात. जुन्या डिस्टॉर्शनचा छोटा अडॅप्टर त्याला पुरत नाही. पुरेसा करंट मिळाला नाही की पेडल मध्येच बंद पडतं किंवा लूप हरवतं. चांगल्या अडॅप्टरचे हजार ते दोन हजार धरा. एकाच अडॅप्टरवर साखळीने चार पेडल चालवली तर डिजिटल पेडलची शिट्टी इतरांत उतरते. ती घालवायला वेगळ्या आउटपुटचा 'आयसोलेटेड' सप्लाय लागतो, त्याचे पाच ते दहा हजार. छोट्या पॅच केबल दोन-तीन, मोठी केबल एक, मिळून दोन-अडीच हजार. स्टिरिओ डिले ऐकायचा तर दुसरा अ‍ॅम्प किंवा मिक्सर हवा. घरच्या रियाजाला स्टिरिओ लागत नाही, सोडून द्या. पेडलबोर्डवर मात्र पैसे घालवू नका. दाल बाजाराकडे जाताना कुणाही सुताराकडून प्लायची दोन फुटी फळी कापून घ्या आणि शिवणसामानाच्या दुकानातून वेल्क्रोची पट्टी आणा. तीनशे-चारशेत काम होतं.

जुन्या वाड्यात राहत असाल तर वायरिंगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. अर्थिंग नसलेल्या घरात महागातलं पेडलसुद्धा गुणगुणतं. लाइट गेल्यावर साध्या, साइन वेव्ह नसलेल्या इन्व्हर्टरवर तर ही गुणगुण हमखास. मे महिन्यात बंद गाडीत पेडल ठेवू नका, इथल्या उन्हात डिस्प्ले आणि गोंद दोन्ही दगा देतात.

दुकानात पेडल पाहायला मिळालं तर दहा मिनिटं मागून घ्या. आपलं गिटार आणि केबल न्या. एक छोटा लूप भरा आणि तो जिथे जोडला जातो तिथे 'टक' ऐकू येते का पाहा. त्यावर चार-पाच थर चढवा आणि पहिला थर दबतो का ऐका. लूप थांबवायला दोनदा दाबावं लागतं का आणि ते लयीत जमतं का, हे बसून नव्हे, उभं राहून पाहा. डिले बंद केल्यावर शेवटचा प्रतिध्वनी विरत जातो की कापला जातो? पेडल बंद करून पुन्हा सुरू केल्यावर लूप शिल्लक राहतो का? जुनं घेणाऱ्याने प्रत्येक फूटस्विच वीस वेळा दाबावा, पहिलं दुखणं तिथेच निघतं. मूळचं डीएल-फोर जुन्या बाजारात मिळालं तर त्याला ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नव्हे, हे विसरू नका.

बिल जीएसटी क्रमांकासकट घ्या. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असायला हवी. ते लेबल नसेल तर माल मागल्या दाराने आलेला आहे आणि हमीच्या गोष्टी तोंडीच राहतील. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर 'जीएसटी वेगळा' सांगणाऱ्याला लेबल दाखवा. ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा आणि खोकं हमी संपेपर्यंत टाकू नका. दुरुस्तीला पेडल दिल्ली-मुंबईला पाठवायची वेळ आली तर तेच खोकं कामी येतं.

आता थांबायचं का? लूपरच हवा असेल तर थांबू नका. दहा हजारांच्या आतला साधा लूपर आज घ्या. नवं पेडल आलं तरी तो वाया जात नाही, साखळीच्या शेवटी बसतो. डिले-रिव्हर्बसाठी मल्टिइफेक्ट घरात आधीच असेल तर त्याच्या मेनूत लूपर दडलेला असण्याची शक्यता मोठी, आधी मॅन्युअल काढा. बँडबरोबर किंवा गणेशोत्सवाच्या मंचावर वाजवणाऱ्याला, तिन्ही कामं एका पायाखाली हवी असतील तर थांबण्यात अर्थ आहे. मात्र पेडल भारतात अधिकृतपणे येईपर्यंत, आणि त्यानंतर दोन-तीन महिने. तोवर पहिल्या फर्मवेअरमधल्या खोड्या निघतात. आगाऊ नोंदणीसाठी पैसे मागितले तर परताव्याची अट आणि तारीख ईमेलवर घ्या, नुसत्या फोनवर विश्वास ठेवू नका.

पैसे अडकले किंवा सदोष माल बदलून मिळाला नाही, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, विक्रेता मुंबईचा असला तरी, दावा ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याची फी लागत नाही.