भूगर्भांतील उष्णता व खनिजें : लाभ कोठवर, धोका कोणता ?

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां प्रस्तुत लेखकास अनेक गांवांचे उतारे पाहण्याचा प्रसंग आला. ज्या क्रमांकांत ऊन पाण्याचा झरा असे, त्यांतील तेवढा तुकडा बहुधा पोटखराबा म्हणून लिहिलेला असे. त्यावर आकार बसत नसे. आतां अशाच तुकड्यांविषयीं ‘येथून वीज निघेल, मौल्यवान खनिजें निघतील’ अशी भाषा ऐकूं येते. असा प्रस्ताव दारीं आला असतां जमीनधारकानें काय विचारावें, हें कळण्यासाठीं इतरांचा अनुभव पाहणें हितावह आहे.

जमिनींत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढते. सामान्य प्रदेशांत हें मान दर किलोमीटरास सुमारें २५ ते ३० अंश सेंटिग्रेड असतें. पावसाचें पाणी भेगांवाटे खोल उतरतें, तापतें, आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. वाटेंत तें खडकांतील क्षार विरघळवून घेतें. म्हणून उष्णता आणि खनिजें हीं एकाच पाण्याचीं दोन अंगें होत. एक घेतलें कीं दुसरें आपोआप पदरांत पडतें.

या उद्योगाचें आद्य उदाहरण इटलींतील टस्कनी प्रांतांत आहे. तेथें जमिनींतून वाफ निघते व तींत बोरिक आम्ल असतें. १८१८ सालीं लार्देरेल नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें तें आम्ल काढण्यास आरंभ केला. प्रथम पाणी आटविण्यास लांकूड जाळावें लागे. १८२७ पासून जमिनींतील वाफेवरच पाणी आटवूं लागले, तेव्हां धंदा भरभराटीस आला. पुढें अमेरिकेंत टाकणखाराचे मोठे सांठे सांपडले आणि भाव उतरले. परंतु वाफ हाताशीं होतीच. १९०४ सालीं जिनोरी कोन्ती यांनीं तिच्या बळावर पांच दिवे लाविले, आणि १९१३ सालीं २५० किलोवॅटचें वीजगृह चालूं झालें. आज त्या प्रांतास लागणाऱ्या विजेचा सुमारें तिसरा हिस्सा या उष्णतेपासून मिळतो. खनिजाचा भाव दूरच्या बाजारावर अवलंबून असतो, उष्णता मात्र जागेवरच उपयोगीं पडते, हा यांतील पहिला धडा होय.

दुसरा धडा उपशाचा. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत ‘गीझर्स’ या क्षेत्रीं १९६० पासून वीज निघूं लागली. वीजगृहें वाढत गेलीं आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब घटूं लागला. झऱ्यापेक्षां उपसा अधिक झाला म्हणजे विहिरीची जी गत होते, तीच येथें झाली. अखेर १९९७ पासून शेजारच्या वस्तींचें शुद्ध केलेलें सांडपाणी नळानें आणून जमिनींत सोडावें लागलें. खालीं अग्नि असला तरी पाणी अक्षय नसतें.

तिसरा धडा शेतकऱ्यास सर्वांत जवळचा. तुर्कस्तानांत किझिलदेरे येथें १९८४ सालीं वीजगृह चालूं झालें. वापरलेलें पाणी ब्यूयूक मेंदेरेस नदींत सोडलें जाई, आणि त्याच नदीवर खालच्या खोऱ्याचें ओलीत अवलंबून होतें. त्या पाण्यांत बोरॉन पुष्कळ होता. पिकास बोरॉन अत्यल्प लागतो; लिटरास १ मिलिग्रॅमच्या पुढें तो गेला म्हणजे लिंबू, द्राक्ष यांसारख्या नाजूक झाडांच्या पानांच्या कडा करपतात. असें पाणी नदींत न सोडतां पुनः खोल जमिनींत घालणें, हाच त्यावरील खरा उपाय होय.

आतां आपल्याकडे पाहूं. रत्नागिरी जिल्ह्यांत उन्हवरें, तुरळ, राजवाडी, ठाणें जिल्ह्यांत गणेशपुरी-वज्रेश्वरी, आणि जळगांव जिल्ह्यांत उनपदेव येथें ऊन झरे आहेत. हे झरे ज्वालामुखीचे नव्हत. त्यांचें पाणी उकळत्या पाण्याहून बरेंच थंड असतें. अलास्कांत चेना येथें २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज काढतात हें खरें; परंतु तेथें यंत्र निववावयास अतिशय थंड पाणी मिळतें, तें कोंकणांत मिळणार नाहीं. म्हणून आपल्या झऱ्यांकडून मोठ्या वीजगृहाची अपेक्षा करण्यापेक्षां माल वाळविणें यासारखीं कमी उष्णतेचीं कामें आधीं विचारांत घ्यावीं.

हक्काविषयींही भ्रम नसावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या ४८ व्या कलमान्वयें खनिजांवरील हक्क शासनाकडे राखून ठेविलेला आहे. सातबारा आपल्या नांवें आहे एवढ्यावरून खालचें खनिज आपलें ठरत नाहीं.

तेव्हां कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वीं चार प्रश्न लेखी विचारावे. पाण्याची उष्णता व क्षार कोणी, किती खोलीवर मोजले ? वापरलेलें पाणी कोठें जाणार ? शेजारच्या विहिरींचें पाणी कामाच्या आधीं व नंतर कोण तपासणार ? आणि काम बंद पडल्यास भोंक बुजवून जमीन पूर्ववत् कोण करणार ? या प्रश्नांचीं सरळ उत्तरें देणाऱ्यास सहकार्य करावें. जो उत्तर न देतां केवळ भावी संपत्तीचें वर्णन करील, त्याच्यापुढें सही करण्यापेक्षां तो तुकडा पोटखराब्यांत राहिलेला बरा.