कड्याहून सायकल काढताना

सायकल आण पोरी, पण बारीक टायरची आणू नकोस. आष्टी तालुक्यातल्या आपल्या कडा गावाकडं अडचण रस्त्याची नाही, काट्याची आहे. बाभळीचा काटा लांब असतो, डोळ्याला दिसतो. सराटा दिसत नाही. पाऊस उघडला की तो डांबराच्या कडेनं मातीत पसरतो आणि फळ वाळलं की नेमका चाकाखाली येतो. म्हणून थांबायचं तर डांबरावरच उतरायचं आणि सायकल उचलून झाडाखाली न्यायची, ढकलत न्यायची नाही. निघण्याआधी तळहात टायरवरून फिरवायचा, म्हणजे रुतलेला सराटा आत शिरण्याआधी निघतो. तरीही पंक्चर झालंच तर ट्यूब बदलायची घाई करू नकोस. टायरच्या आतून बोट फिरव. मोडलेलं टोक आत राहिलं असेल तर नवी ट्यूबही कोसभर जाणार नाही.

हे सगळं मला दादांनी, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, शिकवलं. सायकलला कापडाचं गाठोडं बांधून ते आसपासचे आठवडी बाजार करायचे. माळावरची प्रत्येक वाट त्यांना पावसाळ्यातली वेगळी आणि उन्हाळ्यातली वेगळी माहीत होती.

फ्रान्सात शिकायला होतीस तेव्हा पेर्श भागातून तू फोटो पाठवायचीस. बेलेमचं ओकाचं जंगल, जुने दगडी वाडे, आणि बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उचलून केलेली ती सायकलवाट. प्रत्येक वळणावर पाटी. ते बघून मला आनंद झाला होता. आता तुला तसंच आपल्या मुलखात फिरायचंय. मग एक गोष्ट आधीच ध्यानात धर. आपल्याकडं रेल्वे आत्ता कुठं आलीय. नगरहून आष्टीपर्यंत गाडी २०२२च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि बीडपर्यंत ती २०२५ साली, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी पोहोचली. त्यामुळं रूळ उचलून केलेली वाट इथं शोधू नकोस. आपल्या सायकलवाटा दुष्काळानं बांधल्यात.

बहात्तरच्या दुष्काळात इथल्या माणसांनी खडी फोडली, नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले, गावागावाला जोडणारे रस्ते केले. तुझी पणजी त्या कामावर होती. डोक्यावर मातीचं टोपलं, जेवायला सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७७ साली झाला, पण त्याच्या आधीच हे हात राबत होते. आज तू नकाशावर बघशील तर गावाच्या वरच्या अंगाला छोटे निळे ठिपके दिसतील. ते पाझर तलाव. त्यांच्याकडं जाणारी मुरमाची वाट धरायची, कारण बांधकामासाठी माणसं आणि बैलगाड्या तिथं जायच्या, म्हणून ती वाट चढाला बेतानं घेते. बांधावरून सायकल हातात धरून चाल. बांध मातीचा आहे, त्यावर चाकाची चाकोरी पडली की पावसाचं पाणी तिथूनच वाहायला लागतं. किल्ला बघताना दगडाला हात लावू नये म्हणतात. या बांधाला मी त्याहून जास्त मानतो.

कधी यायचं तेही ऐक. पुण्याची माणसं जुलैत हिरवं शोधतात, ते सह्याद्रीत. आपण पर्जन्यछायेत आहोत. आपल्या आष्टी तालुक्यात खरा भरवसा भाद्रपदातल्या पावसाचा, परतीचा. तेव्हा माळ हिरवा होतो, तरवडाला पिवळी फुलं येतात. दसरा ते संक्रांत हे तुझे दिवस. कार्तिकाच्या आधी डोंगरउतारावर सीताफळ पिकतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण वाटेवरचं झाड मोकळं दिसलं तरी तोडू नकोस, बहुतेक रानाचा कुणी ना कुणी धनी असतो. विचारलंस तर ओटी भरून देतील. पौषात ज्वारीचा हुरडा.

पाऊस झाल्यावर मात्र काळ्या रानातल्या वाटेला दोन दिवस शिवू नकोस. चिखल मडगार्डात असा बसतो की चाक फिरत नाही आणि ओढून नेलंस तर चेन तुटते. मुरमाचा माळ तासाभरात कोरडा होतो. म्हणून ओल असेल तर माळाची वाट, कोरड असेल तर रानाची. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी थांबायचं. कडी नदी एरवी कोरडी दिसते, पण वर डोंगरात झालेल्या पावसाचं पाणी इथं ऊन पडलेलं असताना येतं.

वाऱ्याचं दादांचं गणित सोपं होतं. जाताना अंगात जोर असतो तेव्हा वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा सकाळी पश्चिमेला निघ. थंडीत तो बहुधा पूर्वेकडून येतो, तेव्हा उलट.

पहिला मोठा दिवस उत्तरेला दे. धामणगावच्या अंगानं गर्भगिरीच्या डोंगराकडं, सावरगावच्या मायंब्याला. तिथं मच्छिंद्रनाथांची समाधी. फाल्गुनी अमावास्येला, पाडव्याच्या आदल्या रात्री, भाविक पैठणहून कावडीनं आणलेलं गोदावरीचं पाणी समाधीला घालतात, उटणं लावतात. हे मला फार मोलाचं वाटतं, आणि का ते चढ संपल्यावर कळेल. गर्भगिरीसकट बालाघाटाच्या या रांगा गोदावरी आणि भीमा यांचं पाणी वाटतात. दक्षिणेला पडलेला थेंब सीनेतून भीमेला जातो, उत्तरेचा गोदावरीला. म्हणजे उतार जे पाणी खाली नेतो, तेच माणसं खांद्यावरून परत वर आणतात. डोंगराच्या पलीकडं पाथर्डी तालुक्यात मढी, कानिफनाथांचं. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथं यात्रा असते आणि गाढवांचा बाजार भरतो. त्या दिवसांत सायकल घेऊन जाऊ नकोस, रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. घाटात आग्या मोहोळं असतात, तेव्हा अंगाला अत्तर-सेंट नको, आरडाओरडा नको, आणि जाळाचा धूर तर मुळीच नको.

दुसरी वाट सीनेकडची, मिरजगावच्या बाजूची. चढ नाही, सावलीही नाही. नदी ओलांडताना थांबून दोन्ही काठ बघ. १९४८च्या सप्टेंबरापर्यंत अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं आधी इंग्रजांचं, मग स्वतंत्र भारत. दादा कापड आणायचे तेव्हा करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडं सोडून दाखवावं लागायचं. रझाकारांच्या दिवसांत सीना ओलांडून गेलेल्या घरांच्या आठवणी इथल्या म्हाताऱ्यांना विचारल्यास तर सांगतील, पण आधी बसायचं, चहा घ्यायचा, मग विचारायचं. पुढं कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य. १९८०चं, अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं, पण गवताळ रान कसं असतं ते तिथं समजतं. लोक ज्याला पडीक माळ म्हणतात तो काळविटाचं, खोकडाचं, लांडग्याचं घर आहे. झाडं लावायच्या उत्साहात असे माळ गेले तर ही जनावरं कुठं जातील, हा विचार मला सतावतो. आत सायकल न्यायची नाही. वनखात्याच्या माणसाला विचारून पायी जा, सकाळी लवकर.

लांबचं बघायचं असेल तर जामखेडला मुक्काम धर. तिथून चौंडी, अहिल्यादेवींचं जन्मगाव, सीनेकाठचं. त्यांचा जन्म ३१ मे १७२५चा. देशभर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधणारी बाई या कोरड्या मुलखात जन्मली, हे तिथली गढी बघताना मनात असू दे. खर्ड्याचा किल्ला निंबाळकरांचा, आणि त्याच परिसरात ११ मार्च १७९५ला मराठ्यांनी निजामाला हरवलं. सौताड्याचा धबधबा मात्र पावसाळ्यातच. पायऱ्या ओल्या असतात, चपलेनं उतरू नकोस.

आता जपायचं काय ते. मेंढरांचा कळप दिसला की सायकलवरून उतर. धनगराची कुत्री पळत्या चाकामागं लागतात, चालत्या माणसामागं नाही. सायकल तुझ्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेव, दगड उचलू नकोस, धनगराला लांबूनच हाक मार. तो एक शीळ घालतो आणि कुत्री बसतात. शेताच्या वाटेवर काट्याची कुपाटी आडवी असेल तर बाजूला करून जा आणि मागं परत लाव, नाहीतर गुरं उभ्या पिकात शिरतील. दिवस मावळायच्या आत गावात ये. २०२०च्या नोव्हेंबरात आपल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. रोज बिबट्या भेटतो असं नाही, पण तिन्हीसांजेला रानात एकटं, वाकून बसू नये. पंक्चर काढायलासुद्धा वस्तीजवळच बस. दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा असेलच असं नाही. रात्रीच्या रस्त्यावर मला बिबट्यापेक्षा त्यांचीच भीती वाटते.

खाण्याची काळजी करू नकोस. आजी धपाटे करून देईल, ते दोन दिवस टिकतात. गूळ-शेंगदाणे खिशात असू देत, आणि तहान लागायच्या आधी घोट घ्यायचा. वस्तीवर पाणी मागताना दारात उभं राहून "मावशी, पाणी मिळेल का" एवढंच म्हण. उन्हाळा असेल तर एकच तांब्या घ्यायचा आणि बाटली भरून मागायची नाही. २०१९ला आपल्या तालुक्यात जनावरं छावणीत होती आणि घरी टँकरचं पाणी. त्यातलाही तांब्या लोक पाहुण्याला पुढं करायचे. द्यायला ते नाही म्हणणार नाहीत, म्हणून आपणच हात आवरायचा.

नगरहून येताना गाडीनं ये, कड्याला स्टेशन आहे. गाडीची वेळ आणि सायकल चढवू देतात का, हे निघायच्या आदल्या दिवशी नगर स्टेशनवर विचारून घे. परतताना कुठं उशीर झाला, चाक वाकलं, पाय दुखला, तर तशीच पुढं रेटू नकोस. आष्टी असो, जामखेड असो, एसटी स्टँडवर उजेडात थांब आणि फोन कर. मी टेम्पो घेऊन येतो.