भिक्षा आणि भीक : एक शंका-समाधान

शंका : फलटणच्या चैत्रयात्रेत एका वासनिकांनी विचारले, "बाबा, दर्शन घेऊन मंदिराबाहेर पडलो की दोन्ही बाजूंनी हात पुढे येतात. दिले तर लबाडी पोसल्यासारखे होते. न दिले तर घेतलेले दर्शन व्यर्थ गेल्यासारखे वाटते. अशा वेळी काय आचरावे?"

समाधान : प्रथम भिक्षा आणि भीक यांतील भेद ध्यानी घ्यावा. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकास अटन, विजन व भिक्षाभोजन विहित केले. घर निवडू नये, वर्ण पाहू नये, रुचीचे मागू नये, न मिळाल्यास खेद मानू नये. अहंता गळावी, हा त्यातील हेतू होय. रस्त्यावरील याचकाने असे व्रत घेतलेले नाही. त्यास बहुधा दैन्याने तेथे आणलेले असते. म्हणून दोन्ही एकच नव्हेत. तथापि ज्या पंथाचे साधू झोळी घेऊन दारोदार जातात, त्या पंथाच्या अनुयायाने पसरलेल्या हाताची घृणा करावी, हे सर्वथा अनुचित होय. "पुढे जा" हा शब्द कसा लागतो, हे झोळीवाल्यास ठाऊक असते.

आता पात्रविचार. धर्मदान करताना पात्र पाहावे. भुकेस मात्र पात्रापात्र नाही. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरात लहानथोर भेद न मानता कोणाच्याही घरी जात. तेव्हा अन्न मागणाऱ्यास त्याचे पूर्वचरित्र विचारू नये.

पैशाची गोष्ट निराळी. अन्न मागणाऱ्याच्याच पोटात जाते. पैसा कोणाच्या हाती जाईल, हे सांगवत नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर फारच सावध असावे. मुलांना भीक मागावयास लावणे हा २०१५ च्या बालन्याय अधिनियमान्वये ५ वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. मुलाच्या तळहातावर ठेवलेले नाणे त्यास उद्या पुन्हा तेथेच उभे करू शकते. म्हणून मुलास समोर बसवून खाऊ घालावे, आणि कोणी त्यास राबवीत आहे असे दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. वृद्ध, अपंग, रुग्ण यांस यथाशक्ती द्यावे.

महाराष्ट्रात १९५९ चा भीकप्रतिबंधक कायदा आहे. त्याच कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. दारिद्र्य हा अपराध नव्हे, हे यावरून जाणावे.

कोणी म्हणेल, "आणि फसलो तर?" फसल्याने चार रुपये जातील. याचक लबाड की खरा, याचा निवाडा वाटेवरच्या दोन क्षणांत होत नाही. आपले मन कठोर झाले की नाही, हे मात्र तेथल्या तेथे कळते. सर्वांना देणे कोणासही शक्य नाही. परंतु नाही म्हणतानाही थांबावे, त्याच्याकडे पाहावे, मृदू बोलावे. ज्याच्याजवळ द्रव्य नाही अशा संन्याशासही एवढे देता येते.

त्या वासनिकांनी पुढील वर्षी शिदोरीत चार भाकऱ्या अधिक बांधून आणाव्यात, एवढेच सांगणे.

दंडवत प्रणाम.