विमानाचा वांकडा पंखा

विमानाच्या खिडकींतून मोबाईलनें घेतलेलें पंख्याचें छायाचित्र पाहून एखाद्या आईच्या काळजांत धस्स होतें. पातीं कोयत्यासारखीं वांकलेलीं, एखादें तर मधल्या आंसापासून सुटून अधांतरीं तरंगणारें! ज्या यंत्राच्या भरंवशावर आपलें मूल आकाशांत आहे, त्याची ही अवस्था? वस्तुतः पंखा धडधाकट असतो. छायाचित्र खोटें बोलत नाहीं, ही आमची समजूत मात्र येथें तपासून पाहिली पाहिजे.

कॅमेरा सबंध चित्र एकाच क्षणीं टिपतो, असें आम्ही धरून चालतों. मोबाईलांतील बहुतेक कॅमेरे तसें करीत नाहींत. आपण पान वाचतों त्याप्रमाणें ते दृश्य ओळीमागून ओळ टिपीत जातात. समजा, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत येण्यास १/४० सेकंद लागला. पंखा मिनिटास १२०० फेरे घेत असेल, तर तेवढ्या अवधींत त्याचा अर्धा फेरा पुरा होतो. पहिल्या ओळीच्या वेळीं माथ्यावर असलेलें पातें शेवटची ओळ येईतों तळाशीं पोहोंचतें. ज्या बाजूस पातीं खालीं उतरतात, तेथें ओळ आणि पातें जणूं बरोबरीनें चालतात. म्हणून तें पातें पुष्कळ ओळींत सांपडून रुंद दिसतें. दुसऱ्या बाजूस पातीं वर चढतात व ओळी खालीं येतात. गांठ पडते न पडते तोंच सुटते, आणि पातें काटकुळें उमटतें. एकेक ओळ खरीच, परंतु ती निराळ्या क्षणाची.

हा प्रकार मोबाईलनें आणलेला नव्हे. फ्रान्समधील झाक आंरी लार्तिग यानें, वयाची विशी गांठण्यापूर्वीं, सुमारें १९१२-१३ मध्यें एका मोटारशर्यतीचें छायाचित्र घेतलें. त्यांत मोटारीचें चाक लंबगोल होऊन पुढें झुकलें आहे, आणि कडेचे प्रेक्षक मागें कलले आहेत! त्या कॅमेऱ्यांत कांचेपुढून अरुंद फटीचा पडदा सरकत असे. कांचेवर प्रतिमा उलटी पडते. म्हणून वरून खालीं येणारी फट आधीं जमीन टिपी, मग माथा. तेवढ्यांत चाकाचा वरचा भाग पुढें गेला. प्रेक्षक बिचारे जागचे हलले नव्हते. लार्तिगनें कॅमेरा मोटारीच्या रोखानें फिरविला, त्यामुळें ते कलले.

पडताळा घरीं घेतां येतो. भरपूर उजेडांत, फिरत्या टेबलपंख्यासमोर मोबाईल आडवा धरून छायाचित्र घ्यावें; मग मोबाईल खालचा वर करून दुसरें घ्यावें. पहिल्या चित्रांत डावीकडे रुंद दिसणारीं पातीं दुसऱ्यांत उजवीकडे दिसतील. पंखा तोच, वेगही तोच.