हातातली जागा



समजा, तुमचे घर मालेगावात आहे. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू आहे. घरात मात्र सगळे गप्प आहेत. तुमच्या आपाने बारावीनंतर सीईटी दिली आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी महाविद्यालयांची यादी भरली. यादीत सर्वांत वर पुण्याची ती जुनी संस्था होती. ती १८५४ साली सुरू झाली आणि आता तंत्रज्ञान विद्यापीठ झाली आहे. आज पहिल्या फेरीचा निकाल लागला. पुणे मिळाले नाही. नाशिकच्या एका महाविद्यालयात जागा मिळाली. यादीत तिचा क्रमांक सहावा होता.

अब्बा म्हणतात, "नाशिक जवळ आहे, बेटी. मिळाले ते घे आणि अल्लाहचे शुक्र मान."

भाईजान म्हणतात, "पुणे ते पुणे! नाशिक सोडून दे. पुढच्या फेरीत बघू."

अम्मी हॉस्टेलच्या खर्चाचा हिशोब करत आहेत. आपा काहीच बोलत नाही. रात्री ती तुम्हांला हळूच विचारते, "तुला काय वाटते?"

तुम्ही काय सांगाल?

"हिंमत कर," असे सांगणे सोपे आहे. दुसऱ्याला हिंमत द्यायला काही खर्च येत नाही. उलट, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, अशी मराठीत म्हण आहे, तीही खरी आहे. पण आपाला खरोखर हातचे सोडावे लागणार आहे का? हा प्रश्न घरात अजून कोणीच विचारलेला नाही.

त्याआधी एक गोष्ट ऐका.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना तुम्ही सगळे ओळखता. त्यांचा जन्म १९३१ साली रामेश्वरमला झाला. तिरुचिरापल्लीच्या महाविद्यालयात त्यांनी भौतिकशास्त्र घेऊन पदवीचे शिक्षण घेतले. पण आपला खरा ओढा अभियांत्रिकीकडे आहे, हे त्यांना उशिरा कळले. मग त्यांनी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळवला. प्रवेशासाठी सुमारे एक हजार रुपये हवे होते. घरात एवढे पैसे नव्हते. तेव्हा त्यांची बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली.

कलामांनी विमानविद्येची शाखा निवडली. त्यांना वैमानिक व्हायचे होते. शिक्षण संपल्यावर त्यांनी दोन ठिकाणी अर्ज केले. एक अर्ज भारतीय हवाई दलात होता आणि दुसरा संरक्षण मंत्रालयाच्या एका तांत्रिक विभागात. दोन्हीकडून मुलाखतीची बोलावणी जवळजवळ एकाच वेळी आली. ते आधी दिल्लीला गेले. तेथील मुलाखत त्यांना सोपी वाटली. मग ते डेहराडूनला, हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेले. मन तिथेच गुंतले होते.

उमेदवार पंचवीस होते. जागा आठ होत्या. कलामांचा क्रमांक नववा आला.

नववा! विसावा आला असता तर इतके वाईट वाटले नसते. ते फार खचले. तेथून ऋषिकेशला गेले, स्वामी शिवानंदांना भेटले, आणि मग दिल्लीला परतले. दिल्लीत मंत्रालयाचे नेमणूकपत्र तयार होते. दुसऱ्याच दिवशी ते कामावर रुजू झाले. मूळ पगार महिना २५० रुपये. हे साल होते १९५८. पुढे १९८० साली भारताच्या स्वतःच्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह आकाशात नेला, तेव्हा त्या प्रकल्पाचे प्रमुख कलाम होते.

येथे जरा थांबा आणि विचार करा. डेहराडूनला जाताना त्यांनी दिल्लीला "नाही" म्हटले नव्हते. म्हटले असते, तर ऋषिकेशहून ते कोठे परतले असते?

आता आपल्या घरी येऊ. जागा हातात ठेवून वाट पाहणे वेगळे आणि जागा सोडून वाट पाहणे वेगळे. भाईजान दुसरे सांगत आहेत. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात पहिले करता येते. नाशिकची जागा शुल्क भरून स्वीकारायची आणि अधिक चांगल्या जागेसाठी पुढच्या फेरीत राहायचे. वरची जागा मिळाली नाही, तर नाशिक कायम राहते.

मग यात धोका काहीच नाही का? आहे, पण घरचे समजतात तेथे नाही. वरची जागा मिळाली, की नाशिक आपोआप जाते. "मला नाशिकच बरे होते," असे नंतर म्हणता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीची यादी भरताना नाशिकच्या वर फक्त अशाच जागा लिहायच्या, जेथे जाण्याची खरी तयारी आहे. पुष्कळ मुले नाव मोठे म्हणून एखादे महाविद्यालय वर लिहून टाकतात. तेथे कोणती शाखा मिळेल, राहायची सोय काय, खर्च किती, हे पाहतच नाहीत. मग नेमके तेच मिळते आणि घरात रडारड होते.

तुमच्या अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशातही हे लक्षात ठेवा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडता. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्या मुलाने मागच्या वर्षी काय केले, यावर विसंबू नका.

ब्रिटनमध्ये तर या दुसऱ्या जागेला 'विमा' असेच नाव आहे. तेथे निकालाआधीच विद्यापीठे कळवतात, "इतके गुण मिळवा, जागा तुमची." विद्यार्थी एक जागा पहिली म्हणून ठेवतो आणि एक विमा म्हणून. पण काही मुले विम्यासाठीही पहिल्या जागेइतकेच गुण मागणारे विद्यापीठ निवडतात. मग तो विमा कसला?

तरीही कधी कधी हातातली जागा खरोखरच सोडावी लागते. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली सरकारच्या अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर लागले. कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर ते कलकत्त्याच्या एका विज्ञानसंस्थेत प्रयोग करत. अशी दहा वर्षे गेली. १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वांना माहीत असते. आधीची दहा वर्षे कोणी सांगत नाही. मला तीच अधिक महत्त्वाची वाटतात. नोकरी सोडण्यापूर्वी आपल्याला काय येते, हे त्यांनी पुरते पाहिले होते.

आणि कलाम? ते वैमानिक झाले नाहीत. पण ८ जून २००६ रोजी, राष्ट्रपती असताना, चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते सुखोई-३० या लढाऊ विमानातून आकाशात गेले. ते विमान पुण्याच्या लोहगाव तळावरून उडाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपाने हे सगळे अब्बांना समजावून सांगितले. अब्बांनी शांतपणे ऐकले.

"म्हणजे पुणे मिळाले, तर नाशिक जाणार?"

"हो, अब्बा."

"आणि नाही मिळाले, तर?"

"नाशिक आहेच."

अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग पुणे आणि नाशिक यांच्या मध्ये काय काय लिहिले आहेस, ते वाचून दाखव."

शब्दार्थ
गहाण ठेवणे – गिरवी रखना
रुजू होणे – कामावर हजर होणे
विसंबणे – भरवसा ठेवणे
पत्करणे – कबूल करणे

स्वाध्याय
१. भाईजानचा सल्ला आणि आपाने केलेली निवड यांत काय फरक आहे?
२. कलामांना नववा क्रमांक आल्याचे जास्त वाईट का वाटले असेल?
३. तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर तुम्ही कोणाला काय विचाराल? आठ ते दहा ओळी लिहा.