‘मॅडम, ते टेक्निकल आहे’

ज्या कंपनीनं आमचं सॉफ्टवेअर बनवलं, तिच्या वेबसाइटवर आजही आमच्या एजन्सीचं नाव ‘यशस्वी प्रकल्प’ म्हणून झळकतं आहे. काढा म्हणून लेखी कळवलं, तरी निघालेलं नाही. ते वाचून कराड-सांगली भागातला आणखी एखादा व्यापारी त्यांच्या दारात जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आमची कराडला होलसेल एजन्सी आहे. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, तूप, फरसाण. सेल्समन पाटण, ढेबेवाडी, कोयनानगरपर्यंतच्या दुकानांतून ऑर्डर घेतात आणि मागाहून टेंपो माल टाकतो. बिलं, उधारी, स्कीम, जीएसटी हे सगळं मी बघते. बी.कॉम. झालेली आहे आणि टॅलीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हे सांगायला लागतं, कारण पुण्याहून आलेली त्या कंपनीची मुलं पहिल्या बैठकीपासून माझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून देत होती.

मी काय विचारलं होतं, ते वहीत लिहिलेलं आहे. कराचा दर बदलला तर तो कोण बदलणार? ‘मॅडम, सगळं कॉन्फिगरेबल आहे.’ खोऱ्यात रेंज नसते, तिथं ऑर्डर कशी घ्यायची? ‘आता सगळीकडे फोर-जी आहे.’ आमचा डेटा कुठल्या डेटाबेसमध्ये राहणार आणि तो आम्हाला बाहेर काढता येईल का? ‘मॅडम, ते टेक्निकल आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’

मग पडद्यावर चित्रं आली. मायक्रोसर्व्हिसेस, कुबरनेटिस, मॉन्गोडीबी, रिॲक्ट नेटिव्ह. मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात, असं ठासून सांगण्यात आलं. वापरत असतीलच. जिथं शेकडो इंजिनियर एकाच सॉफ्टवेअरवर काम करतात, तिथं एकाच्या बदलानं दुसऱ्याचं काम अडू नये म्हणून त्याचे तुकडे करतात, त्या तुकड्यांना मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात. ते तुकडे अनेक मशीनवर पसरून चालवायला कुबरनेटिस. गूगलनं ते 2014 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. आमच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर. अंगणवाडीतल्या पोराला वकिलाचा काळा कोट चढवावा, तसा तो प्रकार होता. त्या मुलांना ही तंत्रं शिकायची होती, बायोडेटात लिहायची होती, आणि त्याचा खर्च आमच्या खात्यातून झाला. हे माझं ठाम मत आहे, आणि ते बदलण्यासारखं अजून काहीही घडलेलं नाही.

किरकोळ त्रास सुरुवातीपासून होते. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलाचा नंबर क्रमानं यावा लागतो आणि तो 16 अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. मॉन्गोडीबी हा डेटाबेस स्वतःहून जो नंबर देतो तो 24 अक्षरांचा असतो. त्यावर ठिगळ लावलं, तर दोन सेल्समनच्या ऑर्डरी एकाच वेळी आल्या की एकच नंबर दोन बिलांना पडायला लागला. रोजमेळात पैशांचा फरक यायचा. जावास्क्रिप्टमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, शेपटाला बारीक अपूर्णांक चिकटतो, आणि यांनी रुपये तसेच साठवले होते. रक्कम पूर्ण पैशांत किंवा डेसिमल प्रकारात ठेवायची, हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं बालवाडीचं ज्ञान आहे. मला सांगण्यात आलं, ‘राउंडिंग इश्यू आहे, इग्नोर करा.’ ताळेबंद इग्नोर करायचा?

खोऱ्यातलं तर विचारूच नका. ‘वहिनी, चाक नुसतं फिरतंय,’ असा फोन सेल्समन करायचा, तोही रेंजमध्ये आल्यावर. पोरं कागदावर ऑर्डर लिहून घेत आणि संध्याकाळी कराडला येऊन ॲपमध्ये भरत.

आणि मग 2025 चा सप्टेंबर उजाडला. 3 तारखेला जीएसटी कौन्सिलनं नवे दर जाहीर केले, लागू 22 पासून, म्हणजे घटस्थापनेपासून. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 वरून 5 टक्के. तूप, फरसाण 12 वरून 5. मी दुसऱ्याच दिवशी मेल केला. उत्तर आलं की वार्षिक मेंटेनन्समध्ये ‘रेग्युलेटरी चेंज’ येत नाही, त्याचं वेगळं कोटेशन देतो. कॉन्फिगरेबल म्हणून सांगितलेली गोष्ट! कोटेशन मान्य केलं, कारण सणाचा माल दारात उभा होता. मग कळलं की दर एका जागी नव्हतेच. सेल्समनच्या ॲपमध्ये वेगळे, बिलाच्या सर्व्हिसमध्ये वेगळे, रिपोर्टमध्ये वेगळे, आणि तेही कोडमध्येच लिहिलेले. ‘तो मॉड्यूल लिहिणारा आता आमच्याकडे नाही,’ हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नंतर पाठ झालं.

घटस्थापनेला दर बदलले. दर मालाच्या एचएसएन कोडवर न लावता कॅटेगरीवर लावल्यामुळे कपडे धुण्याची पावडरही 5 टक्क्यांवर गेली. ती 18 वरच राहिली होती. पोर्टलवर ई-इन्व्हॉइस 24 तासांच्या आतच रद्द करता येतो, त्यामुळे देवासमोर घट बसवायचा सोडून मी ऑफिसात बिलं रद्द करत बसले.

पण खरा धक्का त्यानंतरचा. पाटणच्या एका दुकानदारानं ऑगस्टच्या बिलाची दुसरी प्रत मागितली. प्रिंट काढली, तर साबणावर 5 टक्के! ऑगस्टचा जीएसटीआर-1 आम्ही 18 नं भरलेला. मी जुलैचं बिल काढलं, मग मार्चचं. सगळीकडे 5. बिलाच्या ओळीत दर साठवलेलाच नव्हता, बिल उघडताना तो आजच्या कोडमधून येत होता. म्हणजे आमचा सगळा जुना हिशेब एका रात्रीत खोटा झाला होता. त्यात जुना माल परत आला की क्रेडिट नोट मूळ दरानंच द्यावी लागते, तीही चुकीची निघत होती. मी फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, जुनी बिलं परत कोण बघतं?’

तो फोन ठेवला आणि मी ठरवलं, यांच्याशी संबंध संपला.

संपवणं सोपं नव्हतं. क्लाउडचं खातं त्यांच्या ईमेलवर, ॲप त्यांच्या प्ले स्टोअर खात्यावर. कोड मागितला तर म्हणाले, तो आमच्या मालकीचा. वकिलांनी सांगितलं की कागदावर त्यांचं खरं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे बाहेरच्याकडून पैसे देऊन करून घेतलेला फोटो किंवा पोर्ट्रेट, वेगळं ठरलं नसेल तर, गिऱ्हाइकाचं होतं. सॉफ्टवेअर त्या यादीत नाही, ते बनवणाऱ्याचंच राहतं. हक्क लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. त्यातही कलम 19 असं की मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षांचे, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. तेव्हा मुदत आणि प्रदेश लिहून सगळे हक्क आपल्याला दिले, हे वाक्य करारात घाला. वकिलाची फी द्यावी लागली तरी द्या.

आता हिशेब आणि बिलं टॅलीवर आहेत. ती कंपनी 1986 पासूनची, सरकारनं नियम बदलला की तिची अपडेट येते, आणि ते जाणणारा माणूस कराडच्या कुठल्याही पेठेत मिळतो. ऑर्डर घेण्यापुरतं छोटं ॲप गावातल्याच एका मुलाकडून पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये करून घेतलं. दोन्ही 1995 ची. ते ॲप ऑर्डर आधी फोनमध्ये साठवतं, रेंज आली की पाठवतं. टॅली पुरत नसेल त्यांनी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघावं. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे एक माणूस सोडून गेला तर दुसरा कोणीही ते हाती घेऊ शकतो.

माझ्या भाचीनं, ती बंगळुरूला याच क्षेत्रात आहे, मला डॅन मॅकिन्ली या अमेरिकन इंजिनियरचा 2015 चा एक लेख समजावून सांगितला. त्याचं म्हणणं असं की कुठल्याही कंपनीला नवलाईचे प्रयोग अगदी मोजकेच परवडतात, बाकी सगळं जुनं, कंटाळवाणं, सर्वांना माहीत असलेलंच घ्यावं. मी पहिल्या बैठकीत हेच म्हणत होते, फक्त इंग्रजीत म्हणत नव्हते.

तेव्हा कोणी ‘टेक स्टॅक’ सुचवला, की त्याला विचारा, तू उद्या नसलास तर आमच्या तालुक्यात हे कोण दुरुस्त करेल? नाव सांगता आलं नाही तर पुढं जाऊ नका. मोठ्या नावांना भुलू नका, घाई करू नका, सगळं लेखी घ्या, हे तर आलंच. दराचं कोष्टक ‘लागू तारखे’सह आहे का आणि प्रत्येक बिलाच्या ओळीत तेव्हाचा दर कायमचा लिहिला जातो का, हे बघा. समोर बसून दर बदलायला लावा आणि मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापून घ्या. डोमेन, क्लाउड, प्ले स्टोअर ही खाती पहिल्या दिवसापासून आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइल नंबरवर.

आणि शेवटचा हप्ता तेव्हाच द्या, जेव्हा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून, त्यांच्या मदतीशिवाय, तुमच्या कॉम्प्युटरवर उघडेल आणि उधारीची बेरीज तुमच्या वहीशी पैशापर्यंत जुळेल. तो मुलगा वैतागेल, घड्याळ बघेल, तुमच्या नवऱ्याकडे बघेल. बघू दे. बेरीज जुळेपर्यंत चेकवर सही करू नका.