पिंजऱ्यातील बारमाही विणीचा हंगाम

शहरी घरांत हौसेने पाळला जाणारा कॉकटील हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पोपटवर्गीय पक्षी असून, तेथे पाऊस होऊन गवताचे बी मुबलक झाले आणि झाडाची ढोली मिळाली की त्याची वीण सुरू होते. घरात मात्र हा हंगाम माणसेच नकळत बारमाही करून ठेवतात. पक्ष्याच्या मेंदूतील प्रकाशसंवेदी पेशींना कवटीतून झिरपणारा उजेडही कळतो. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत दिवे आणि टीव्ही चालू राहिल्यास त्याचे शरीर दिवस मोठा झाल्याचे मानते आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी जननग्रंथींना चेतवणारी संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश नेणारी रसायने, स्रवू लागते.

अशा पक्ष्याचे चावणे, किंचाळणे, कागद कुरतडणे किंवा सोफ्याखालच्या अंधारात ठाण मांडणे हा दुष्टपणा नसून जागेची आणि जोडीदाराची राखण असते. जोडीदार म्हणून त्याने घरातलेच एखादे माणूस निवडलेले असते, आणि पाठीवरून किंवा पंखांखालून फिरणारा त्या माणसाचा लाडाचा हात पक्ष्याच्या लेखी मीलनाचे आमंत्रण ठरतो. म्हणून कुरवाळणे डोके व मानेपुरतेच असावे. मान हलवत आवडत्या माणसासमोर किंवा आरशासमोर अन्नपुटातील, म्हणजे गळ्याशी अन्न साठवणाऱ्या पिशवीतील, दाणे वर काढणे हे प्रियाराधन होय. परंतु डोके झटकून दाणे इतस्ततः उडत असतील, डोक्यावरची पिसे चिकट झाली असतील आणि पक्षी मलूल असेल, तर तो आजार समजावा.

खरा धोका मादीला असतो, कारण ती नराविनाही अंडी घालते. ही अंडी उबत नाहीत, म्हणून पुष्कळ घरांत ती लगेच उचलून टाकली जातात, आणि नेमके तेच चुकते. रिकामी जागा पाहून मादी पुन्हा अंडी घालते आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम अखेर तिच्या हाडांतून जाते. त्याऐवजी अंडी किंवा त्यांच्या जागी खोटी अंडी सुमारे तीन आठवडे राहू द्यावीत, म्हणजे ती कंटाळून स्वतःच उठते. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांत चरबी फार आणि कॅल्शियम थोडे असल्याने पेलेट, पालेभाजी आणि समुद्रफेस यांची जोड आवश्यक असते.

उपायांत औषधापेक्षा दिव्याचे बटण अधिक कामाचे असते, असे म्हणण्यास हरकत नाही: रोज 12 ते 14 तास शांत, अखंड अंधार द्यावा, घरटेवजा पेट्या, कापडी झोपड्या व आरसे काढून टाकावेत, मऊ कोमट खाऊ थांबवावा आणि दाणे कागदात गुंडाळून ते शोधण्याचा उद्योग पक्ष्याला लावावा. ओरडल्याने किंवा चोचीवर मारल्याने चावणे थांबत नाही, विश्वास तेवढा जातो. एवढे करूनही अंडी थांबली नाहीत, तर पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य संप्रेरके दडपणारे इंजेक्शन किंवा त्वचेखालचे रोपण सुचवू शकतात.

मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, कुंथू लागली आणि श्वासागणिक तिची शेपटी हलू लागली, तर अंडे अडकले असण्याची शक्यता असते. अशा वेळी तेल लावणे किंवा पोट दाबणे यांसारखे घरगुती प्रयोग न करता तिला उबदार ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.